हौसेची शेती आणि उपदेशाचे पीक

निवृत्तीनंतर दोन एकर रान घेऊन बसलेल्या माणसाला पुढेमागे एक रोग जडतो. तो शेतकऱ्याला शेती शिकवू लागतो. अकोला-अमरावतीकडे अशी मंडळी आता थोडीथोडकी नाहीत, आणि मी त्यांतलाच एक असल्यामुळे हे बोलण्याचा मला अधिकार आहे.

माझे रान खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला. विहिरीला पाणी लागते, पण खारट. काळ्या जमिनीला ते सतत पाजले की ती दगडासारखी आवळते. सारा भरवसा पावसावर. उजाडताच मी खुरपे घेऊन बसतो. धुऱ्यावर अंबाडी, मधे तूर, घराजवळ वांगी-मिरची. त्यांना शेततळ्यातले पावसाचे पाणी. रात्री रानडुकरे येऊन भुईमूग उकरून जातात. सकाळी मी चहा घेत मुलीला फोनवर ती हकीकत रंगवून सांगतो. शेजारचा शेतकरी त्याच डुकरांपायी रात्रभर जागलीला असतो. डुकरे तीच, माझ्याकडे त्यांची गोष्ट होते, त्याच्याकडे कर्ज.

आता आमच्या मंडळींची बोलणी ऐका. ‘मन लावून केली तर शेती परवडते!’ ‘शेतकरी आळशी झाला!’ एका गृहस्थांनी तर पाव एकर टोमॅटोचा नफा मला कागदावर मांडून दाखवला. त्या कागदावर कुंपण नव्हते, शेततळे नव्हते, त्यांचे स्वतःचे राबणे नव्हते. जमिनीचे भाडे तर नव्हतेच. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा सर्वंकष खर्च काढतो तेव्हा घरच्यांची मजुरी, स्वतःच्या जमिनीचे भाडे, भांडवलावरचे व्याज हे सारे धरतो. त्या रीतीने पाहिले तर माझे एकेक वांगे चांदीच्या भावाने पडेल. त्याचे मला दुःख नाही. हौसेला मोल असतेच. पण ते मोल पेन्शनमधून जाते, हे सांगायला लाज कसली?

शेजारी एकदा सहज बोलून गेला, “मास्तर, तुमाले पेन्शन पिकते. आमाले पेरा लागते.”

२००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. त्यांत अमरावती होते, अकोलाही होते. ती मदत आळशांसाठी नव्हती. आत्महत्या थांबेनात म्हणून होती. पावसाने ऐन पेरणीनंतर पंधरा दिवस ओढ दिली की दुबार पेरणी, दुबार बियाणे आणि दुबार उधारी. अशा माणसाला ‘मन लावा’ म्हणून सांगणे हा मला शुद्ध क्रूरपणा वाटतो. मन तर त्याने केव्हाच लावले आहे, घरातल्या दागिन्यांसकट.

शिकायचेच असेल तर आम्ही शिकावे. बियाणे अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून आणावे, पण तिफण कधी चालवायची ते शेजाऱ्याला विचारावे. मी तेच करतो. तो आभाळाकडे पाहतो, ढेकूळ मुठीत दाबून पाहतो, आणि ‘दोन दिस थांबा’ म्हणतो. मी थांबतो. (मला थांबणे परवडते, हेही खरेच.)

या दिवाळीत तुमच्याही मळ्यावर पाहुणे येतील. त्यांना खुशाल भरीत-भाकरी वाढा, झाडे दाखवा, मिरवा. मात्र ‘शेती परवडते’ म्हणण्याआधी जमाखर्चाची वही उघडा आणि तिच्यात पेन्शनचा रकाना घाला. माझी वही ओसरीवर खुंटीला टांगलेली आहे. ज्याला पाहायची असेल त्याने यावे.