कसा झाला?

नात्यातल्या एका मुलाने मागच्या वर्षी रक्तदान केलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून निरोप आला, येऊन भेटा. पुढच्या तपासण्यांत हिपॅटायटिस सी निघाला. फोनाफोनी झाली, आणि मला आलेल्या प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न एकच. "पण त्याला हा झाला कसा?" तब्येत कशी आहे, हे नंतर! घरात त्याचं पाण्याचं भांडं वेगळं झालेलं मी या डोळ्यांनी पाहिलं.

मंडळी, राग मानू नका, पण आज थोडं बोलणार आहे.

हा प्रश्न ऐकला की मला डॉ. सुनीती सॉलोमन आठवतात. माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणारं त्यांचं मराठी कुटुंब. त्या मद्रास मेडिकल कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवत. एड्स हा परदेशी लोकांचा रोग, आपल्याकडे कुठून येणार, असं म्हणण्याचे ते दिवस! बाईंनी निर्मला नावाच्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी नेमका हाच विषय दिला. निर्मलाने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. चेन्नईत तपासणीची सोय नव्हती, म्हणून १९८६ साली ते वेलोरला नेले. सहा नमुन्यांत एचआयव्ही सापडला. भारतातली ही पहिली नोंद.

बाईंना तिथेच थांबता आलं असतं. पण १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या, म्हणजे वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने केंद्र काढलं. तिथे उपचार झाले, संशोधन झालं, आणि ऐकून नवल वाटेल, एचआयव्ही असलेल्या मुलामुलींची लग्नंसुद्धा जमवली गेली! नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी कसे एकत्र आढळतात, याचाही अभ्यास तिथे झाला. एकच सुई चौघांत फिरली की दोन्ही विषाणू तिच्यातून जातात. बाईंचे चिरंजीव डॉ. सुनील सॉलोमन यांनीही याच विषयावर काम केलं आहे.

आता कोणी म्हणेल, "कसा झाला हे डॉक्टरही विचारतातच ना?" विचारतात, आणि विचारायलाच हवं. त्याशिवाय रोगाची वाट सापडत नाही. पण डॉक्टरांचा प्रश्न सुईपाशी, रक्ताच्या बाटलीपाशी जाऊन थांबतो. आपला प्रश्न थेट माणसाच्या चारित्र्यापाशी जातो. शब्द तेच, हेतू निराळा.

मी तरी कुठे वेगळी होते? १९९० नंतरची गोष्ट. माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील 'त्या' रोगाने गेले. चार आया शाळेत आल्या, त्याला वेगळं बसवा म्हणाल्या. शेजारी बसून एचआयव्ही होत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला मागच्या बाकावर एकटा बसवला. "तिथे उजेड चांगला आहे रे," असं त्याला सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. मी त्याच्या घरी चौकशीलाही गेले नाही. आज अशा भेदभावाविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. पण मला तेव्हा कायदा कशाला हवा होता? थोडी हिंमत पुरली असती.

२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. हिपॅटायटिस बी चा विषाणू शोधणाऱ्या बारूक ब्लमबर्ग यांचा तो जन्मदिवस. २०१५ साली त्याच तारखेला सुनीतीबाई गेल्या. आणि २०१८ साली त्याच तारखेला आपल्याकडे सरकारी कार्यक्रम सुरू झाला, त्यात या काविळींची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. पण त्यासाठी माणसाने तपासणीला जायला हवं ना! "कसा झाला?" या प्रश्नाच्या धास्तीनेच तो घरी बसला, तर फुकटच्या गोळ्यांचा काय उपयोग?

आमच्या मुलाने तीन महिने गोळ्या घेतल्या. त्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. रक्तात विषाणू नाही. भांडं मात्र अजून वेगळंच आहे. उष्ट्या भांड्यातून हा रोग पसरत नाही, मुळात ते वेगळं करायचं कारणच नव्हतं.

असो. पुढच्या वेळी त्याला फोन कराल, तेव्हा आधी एवढंच विचारा, "जेवलास का रे?"