गेलेली वाडी होती कुणाची?

‘आपलं गाव गेलं’ असा उसासा टाकणारे पुरुष अलिबाग तालुक्यात हल्ली घरोघरी भेटतात. वाड्या गेल्या, बंगले आले, मुंबईवाल्यांनी गिळलं सगळं. खरे आहे. माझे लहानपण गेले त्या नागावात मी बऱ्याच वर्षांनी गेले, तर समुद्राकडे जाणाऱ्या वाटेला दोन्ही बाजूंनी चिऱ्याच्या उंच भिंती. पूर्वी गडग्यावरून शेजारणीला हाक मारता यायची. २०२० साली मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू. मुंबई जवळ आली. पण मैत्रिणींनो, मला विचारायचे आहे ते निराळेच. गेलेली वाडी होती कुणाची?

वाडीत राबत कोण होते ते मी पाहिले आहे. झाडांना पाणी लावायचे, सुपारी वेचायची, वाळवायची, सोलायची, झाप विणायचे, हीर काढून खराटे बांधायचे, पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घालून त्या घेऊन रस्त्याला बसायचे, हे सगळे आई, काकू, आजीचे. नारळ पाडायला गडी चढायचा. पैसे मोजायला काका. सातबाऱ्यावर आधी आजोबा, मग वडील आणि काका.

याच तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ खोतांची जमीन कसली नाही. आपण हे अभिमानाने सांगतो, सांगावेच. पण शेते पडीक असताना त्या घरांतल्या चुली सहा वर्षे कुणी पेटत्या ठेवल्या? पुढे कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली. ‘त्याची’.

विकायची वेळ आली की मात्र लेकी आठवतात. माझी आत्या १९७८ साली सासरी गेली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट काढली. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की हा हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ साली हयात असोत वा नसोत. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेले नसेल, तर आत्याही हिस्सेदार. हे तिला कुणी सांगितले? कुणीच नाही. खरेदीदाराच्या वकिलाने भावांना सांगितले. भावांनी तिला साडी नेसवली, गाडीत बसवून नेले आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. वर, ‘माहेर तुटायला नको ना?’

तोच कागद माझ्यापुढेही आला. ‘तू एम.एस.डब्ल्यू. झालेली, नोकरी करतेस, तुला काय कमी?’ हा प्रश्न एकाही भावाला विचारला गेला नाही, नोकऱ्या त्यांनाही आहेत. मी सही केली नाही. त्या वर्षी गणपतीचे बोलावणे आले नाही. त्याचा त्रास झाला, अजून होतो. पण माहेरची किंमत भावाने ठरवायची आणि बहिणीने जमिनीत चुकवायची, हा व्यवहार मला मान्य नाही.

मला जुने गाव परत नको. बंगल्यांत आज झाडलोट-स्वयंपाक करणाऱ्या पुष्कळजणी त्याच वाड्यांतल्या सुना आहेत. काहींच्या हातात आयुष्यात प्रथमच स्वतःचा पगार येतो. हे मी कमी लेखणार नाही. पण कालपर्यंत जिथे घरची म्हणून राबली तिथेच आज मोलकरीण म्हणून, आणि मधल्या विक्रीत तिला छदाम नाही! ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात बागा आडव्या झाल्या, तेव्हाही भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला. पडलेली झावळं उचलणारीचे नाव तिथे नव्हतेच.

नवऱ्याबरोबर बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावता यावे म्हणून लक्ष्मीमुक्तीचा शासन निर्णय १९९२ सालीच निघाला आहे. तुमच्या ग्रामसभेत तो कुणी वाचला का? विचारा. माहेरचा आणि सासरचा, दोन्ही उतारे काढा. हक्कसोडपत्र पुढे आले तर घरी आणा, वाचा, आपल्या वकिलाला दाखवा. घाई त्यांना आहे, आपल्याला नाही. नागावातल्या आमच्या ओळखीच्या बचत गटाच्या बायका पुढच्या बैठकीला आपापले उतारे घेऊन येणार आहेत.