पेटंट मिळाले, पण मुदत संपत आली

नवी दिल्ली : वाचकाने मागण्यापूर्वीच पुढचे वेबपान उतरवून ठेवणारी पद्धत, किंवा पाने वारंवार न उतरवता इंटरनेटवरील माहितीपर्यंत पोहोचवणारे साधन, यांना पेटंट द्यावे काय? भारतात या प्रश्नाचे उत्तर एका शब्दावर अडते. पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार ‘निव्वळ’ संगणक प्रोग्राम हा शोध ठरत नाही. ‘निव्वळ’ हे विशेषण २००२ च्या दुरुस्तीने आले. ते कसे वाचायचे, यावर परीक्षक आणि न्यायालये यांच्यात दीर्घकाळ मतभेद राहिले आहेत.

फरीद अल्लानी यांचे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. वेबवरील माहितीस्रोत व सेवा वापरण्याची पद्धत आणि उपकरण यांसाठी त्यांनी जुलै २००२ मध्ये भारतात अर्ज केला. पेटंट कार्यालयाने तो फेटाळला, बौद्धिक संपदा अपील मंडळानेही २०१३ मध्ये तोच निष्कर्ष कायम ठेवला. १२ डिसेंबर २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. प्रतिभा एम. सिंह यांनी फेरतपासणीचा आदेश दिला. आजचे बहुतेक शोध संगणक प्रोग्रामवर उभे असताना ते सरसकट नाकारणे प्रतिगामी ठरेल, असे न्यायालयाने नमूद केले. शोधाने ‘तांत्रिक परिणाम’ साधला का, हा खरा निकष मानला गेला. कार्यालयाने पुन्हा नकार दिला. अखेर जुलै २०२० मध्ये अपील मंडळाने पेटंट मंजूर केले, तेव्हा २० वर्षांच्या मुदतीपैकी काही महिनेच उरले होते. आंतरराष्ट्रीय अर्जाच्या तारखेपासून ही मुदत मोजली जाते आणि तपासणीतील विलंबापोटी ती वाढवून देण्याची तरतूद भारतीय कायद्यात नाही. पेटंट हाती येईपर्यंत उल्लंघनाचा दावाही दाखल करता येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या २००३ मधील अर्जाचीही गत निराळी नव्हती. संकेतस्थळाच्या उपविभागांत वापरकर्त्याची ओळख दोन कुकींच्या साहाय्याने पडताळणारी ती पद्धत होती. तिचा नकार दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये रद्द केला आणि प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. अर्जाची वीस वर्षे त्याच वर्षी भरत होती.

परीक्षकांची सावधगिरी अनाठायी म्हणता येणार नाही. तांत्रिक उपयोग असलेल्या किंवा हार्डवेअरशी जोडलेल्या प्रोग्रामना वाट मोकळी करणारा २००४ चा अध्यादेश संसदेने २००५ मध्ये कायद्यात उतरू दिला नाही. सैल मापदंड लावल्यास साध्या गणनपद्धतींवरही मक्तेदारी येईल, ही छोट्या सॉफ्टवेअर निर्मात्यांची भीती खरी आहे. पान आधीच आणून ठेवणे ही कल्पना जुनीच. कोणते पान, केव्हा आणि जाळ्यावर किती भार टाकून आणायचे, यातच नावीन्य असू शकते. ते तपासून दिलेला नकार अपिलात टिकू शकतो. कलमाचा क्रमांक लिहून दिलेला नकार मात्र वर्षानुवर्षांनी परत येतो, आणि त्याची किंमत अर्जदार मोजतो.

२०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नव्या हार्डवेअरची अट होती. २०१७ मध्ये ती वगळली गेली. जुलै २०२५ मध्ये सुधारित तत्त्वे आली. अपील मंडळ २०२१ मध्येच बरखास्त झाले असून नकाराविरुद्धची अपिले आता थेट उच्च न्यायालयांपुढे जातात. परीक्षक आपल्या आदेशात तांत्रिक परिणामाची चर्चा किती करतो, यावर यापुढील किती अर्ज तेथवर पोहोचतील हे अवलंबून आहे.