पट्टीचा बूट

पोलीस भरतीची सोळाशे मीटर धाव डोळ्यांपुढे ठेवून शहापूर-मुरबाडकडील तरुण पहाटे रस्त्यावर उतरतात. त्यांच्यात आता सरावाच्या ‘प्लेटवाल्या’ बुटाची चर्चा आहे. तळाच्या फोममध्ये नायलॉन वा कार्बनची ताठ पट्टी असते. धावपटूंचा पहिला अनुभव असा, की वेग वाढताच बूट पायाला पुढे लोटतो. संथ धावेत मात्र अवघडल्यासारखे होते, वळणावर तोल डगमगतो. घाटाखालच्या खडबडीत रस्त्यांवर हा दोष लहान नव्हे. किंमत अनेकदा दहा हजारांपुढे, म्हणजे शेतमजुराच्या घरी कर्जाचाच विषय. दुकानदाराने जोड दाखवण्याआधी गिऱ्हाइकाला धावण्याची जागा विचारावी. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच धावली. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक तिने मिळवले.