गुडघ्याची ठेवण आणि मुलींचे खेळ

लातूरच्या एका भगिनींनी आम्हांस कळविले आहे की, त्यांची थोरली नात शाळेच्या मैदानावर खो-खो खेळताना धावता धावता एकदम वळली, गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाला आणि ती खाली कोसळली. कोणाचा धक्का लागला नव्हता. सायंकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. ‘आपल्या घराण्याचे गुडघेच कच्चे, आता धाकटीचाही खेळ बंद करावा,’ असे घरातील वडीलधाऱ्या मंडळींचे मत पडले आहे. हा प्रश्न अनेक घरांत उद्भवतो, म्हणून त्याचा येथे विचार करतो.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकास दोन गोलसर उंचवटे असून त्यांच्यामध्ये एक खाच असते. या खाचेत दोन बळकट बंध एकमेकांस छेदून जातात. त्यांपैकी पुढचा बंध नडगीस पुढे सरकू देत नाही व गुडघ्याची पिळवटणूक आवरतो. खेळाच्या मैदानावर तुटतो तो बहुधा हाच.

वडील मंडळींचे म्हणणे अगदीच निराधार नव्हे. खाच अरुंद असली, तर बंधही बारीक असण्याचा संभव असतो आणि गुडघा पिळला जाताच तो खाचेच्या कडेवर दाबला जातो. शिवाय नडगीचा माथा सपाट नसून मागील बाजूस उतरता असतो. बहुतेकांत हा उतार सुमारे 5 ते 10 अंश भरतो. तो अधिक असला, म्हणजे अंगाचा भार पडताच नडगी पुढे ढकलली जाते आणि सारा ताण त्या एका बंधावर येतो. ही ठेवण पुष्कळ अंशी आनुवंशिक असते. उड्या व वळणे असलेल्या खेळांत मुलींस ही दुखापत मुलांच्या दुपटी-तिपटीने होते, त्याचेही हे एक कारण मानले जाते.

परंतु हाडांची ठेवण म्हणजे विधिलिखित नव्हे. अशा दर दहा दुखापतींपैकी सुमारे सात कोणाचाही धक्का न लागता होतात. उडी घेऊन ताठ गुडघ्याने उतरणे, वळताना गुडघा आत झुकू देणे, ही त्यांची कारणे. आणि सवय तर बदलता येते! गुडघे वाकवून हलकेच उतरणे, बैठका काढणे, एका पायावर तोल सांभाळणे, असा 15 ते 20 मिनिटांचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन वेळा नियमाने केल्यास ही दुखापत जवळजवळ निम्म्याने घटते, असे अनेक ठिकाणच्या प्रयोगांत आढळले आहे.

आमच्या भागास हे नवे नाही. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा कुस्त्यांवाचून पुरी होत नाही, आणि 1969 चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार हे लातूरकडचेच. परंतु कोणताही वस्ताद नव्या पोरास महिनोन्‌महिने बैठका काढावयास लावल्यावाचून कुस्तीस उभा करीत नाही; आखाड्याची मातीही आधी खणून मऊ करतो. मग मुलींसच पूर्वतयारीवाचून मुरमाच्या कडक मैदानावर का धाडावे?

थोरल्या नातीविषयी एवढेच सांगतो. सुश्रुताने जानूस मर्मांत गणले असून तेथील आघाताने लंगडेपणा येतो, असे म्हटले आहे. तेव्हा गुडघा कोणाकडूनही ओढून वा चोळून घेऊ नये. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्थेतील अस्थिरोग विभागात दाखवावे. साध्या क्ष-किरण चित्रात बंध दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. सूज उतरली म्हणजे बंध सांधला, असे समजू नये. तुटका बंध तसाच ठेवून खेळल्यास आतील कूर्चाही फाटते. शस्त्रक्रिया करावी लागली, तर खेळास निदान नऊ महिने विराम द्यावा.

आणि धाकटीचा खेळ? तो मुळीच बंद करू नये. उद्या सकाळपासून तिच्या बैठका मात्र सुरू कराव्यात. आजीबाईंनी समोर बसून मोजल्यास अधिक उत्तम!