घर आणि गोठा : थंडीतील पाण्याची नळी

चंदीगडच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था आहे. १९५९ साली दिल्लीत स्थापन झालेली ही संस्था १९६२ मध्ये येथे आली. अचूक मोजमाप हे तिच्या कार्याचे अधिष्ठान होय. शहराची वेस ओलांडली की पंजाब-हरियाणातील गोठे दिसू लागतात. आणि तेथे पौष महिन्यात पडणारा एक साधा प्रश्नही मोजमापानेच सुटण्यासारखा आहे. गुरांना पाणी देण्यासाठी नळी कोणती घ्यावी?

प्रश्न क्षुल्लक नाही. गाईच्या दुधात शेकडा सुमारे ८७ भाग पाणीच असते. गारठलेल्या पाण्याला गुरे नुसते तोंड लावतात व मागे सरतात. कोरडा भुसा किंवा कडबा खाऊन पाणी पोटात कमी गेले, की पचन मंदावते आणि दूध आटते. दुधावर संसार चालणाऱ्या कुटुंबाला ही तूट सोसवत नाही.

वास्तविक कूपनलिकेचे ताजे पाणी थंडीतही कोमट लागते, कारण भूगर्भात हवेइतका गारवा पोहोचत नाही. पाणी गार होते ते रात्रभर अंगणात पडलेल्या नळीत. एक इंची, ३० मीटर लांबीच्या नळीत सुमारे १५ लिटर पाणी साठून राहते. अर्धा इंची नळीत चार लिटरांहूनही कमी. म्हणून एकदोन जनावरांसाठी अर्धा किंवा पाऊण इंची नळी पुरते. दावणीला पुष्कळ गुरे असतील तर वेळ वाचावा म्हणून एक इंची घ्यावी. मात्र लांबी गरजेपुरतीच असावी.

साधे प्लास्टिक थंडीत ताठरते, मुडपते व पुढे तडकते. आत सुताचे विणकाम असलेली रबरी नळी मऊ राहते. पारदर्शक नळीत प्रकाश शिरून शेवाळ धरते, तेव्हा अपारदर्शक नळी बरी. ती पिण्याच्या पाण्यास योग्य असल्याची खात्री करावी, आणि औषध फवारणीची नळी गोठ्यात कदापि आणू नये.

पाणी पाजून होताच नळी सोडवून, उतारावर धरून रिकामी करावी व भिंतीच्या खुंटीला टांगावी. लाहौल-स्पितीसारख्या हिमप्रदेशात तर याला पर्यायच नाही. कारण गोठताना पाणी शेकडा सुमारे ९ भाग फुगते आणि नळी फाटते.

आपल्याकडे निफाड परिसरातही एखाद्या कडक हिवाळ्यात पारा पाच अंशांखाली उतरतो. तेथील वाचकांनी एके सकाळी नळीतून आलेल्या पहिल्या बादलीचे आणि पाचव्या बादलीचे तापमान साध्या तापमापकाने पाहावे. दोहोंत फरक आढळल्यास पहिली बादली झाडांना घालावी, आणि गुरांना त्यानंतरचे पाणी द्यावे.