आठवड्याची सेवा

अमेरिकेतल्या चर्चांचे तरुण-मेळे उन्हाळ्याच्या सुट्टीत ग्वातेमाला, मेक्सिकोकडे सेवेसाठी निघतात. सात-दहा दिवस राहतात, शाळेच्या भिंती रंगवतात, तिथल्या पोरांबरोबर फोटो काढतात आणि परततात. त्यांच्या सद्‌हेतूविषयी मला मुळीच शंका नाही. पण मी पडलो शाळामास्तर. माझा प्रश्न सरळ आहे. त्या गावात रंगारी नव्हता काय? साऱ्या मेळ्याच्या विमानभाड्यात त्याला कित्येक महिने काम मिळाले असते!

‘मुलांचे मन विशाल होते’, असे उत्तर मिळते. होत असेल. मग त्याला सहल म्हणावे, सेवा कशाला? सेवेचे माप घेणाऱ्याच्या गरजेने ठरते, देणाऱ्याच्या सुट्टीने नव्हे.

त्यांच्याच देशाचा एक तरुण पाहा. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरला, तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. त्याचा धर्मप्रसार आपणांस रुचो वा न रुचो. तो मराठी शिकला, त्याने शाळा काढल्या आणि १८२६ साली नाशिककडच्या फेरीत पटकीने तो इथेच वारला. तेरा वर्षे! त्याच्याशी भांडायचे तर निदान मराठीतून भांडता येत होते.

दिवाळीत पाड्यावर फराळ वाटायला निघणाऱ्या आपल्या मंडळींनीही हाच हिशेब मांडावा. आधी तिथली बोली ऐकावी, काय हवे ते विचारावे आणि पुढल्या वर्षी पुन्हा जावे. एवढे जमणार नसेल, तर पैसे धाडावेत आणि खुशाल घरी बसावे!